सरूबाईच्या पोटातलं

सरूबाईला खोटारडी म्हटलं तर तिच्यावर अन्याय होईल. तिला खरं बोलायची घाई नसे, एवढंच. घडलेली गोष्ट जशीच्या तशी सांगणं म्हणजे अळणी भाजी ताटात वाढणं, असं तिचं मत होतं. टँकरवाला दोन ड्रमांच्या वर पाणी देईना, तेव्हा तिनं घरात बाळंतीण असल्याचं सांगून तिसरा ड्रम भरून घेतला. पुढच्या खेपेला तो बाळाचं नाव विचारू लागला. सरूबाईनं क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, “अजून बारसं कुठं झालंय? पाव्हण्यांना प्यायला पाणी नको का?” आणि चौथा ड्रम भरून घेतला.

फुलंब्रीच्या पलीकडं एका वस्तीवर तिचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दोन हजार तेराच्या दुष्काळात चारा नाही, पाणी नाही, म्हणून साठ मेंढ्या विकाव्या लागल्या. एक शेळी तेवढी राखली आणि बिऱ्हाड शहराच्या कडेला आलं. तेव्हा औरंगाबाद हर्सूलच्या पुढं जळगाव रस्त्यानं नुसतं धावत सुटलं होतं. काल जिथं ज्वारीचं धसकट होतं, तिथं आज चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडलेले. अशाच एका गुंठेवारीच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर झालं. मुलगा सत्यम वाळूजच्या कंपनीत पाळीवर जायचा. सून दीपमाला बारावी झालेली, धीराची, सासूला आत्या म्हणायची. आणि नवरा कडूबा एका सहा मजली नव्या इमारतीच्या गेटवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसायचा. चाळीस वर्षांची सवय जाईना, म्हणून संध्याकाळी तो आत आलेल्या स्कूटरी मोजायचा आणि एखादी कमी भरली की बेचैन व्हायचा.

तर पंधराच्या दिवाळीत कडूबाला त्याच इमारतीच्या जिन्यात भोवळ आली. डॉक्टरांनी छाती तपासली. ठोके सरळ चालीनं पडत नाहीत, आत रक्ताची गुठळी व्हायची भीती आहे, रक्त पातळ राहिलं पाहिजे, असं सांगून त्यांनी रोजची एक गोळी लिहून दिली. दर महिन्याला रक्त तपासायचं. दुसऱ्याच महिन्यात त्यांनी एकीची अर्धी केली आणि बजावलं, “ही गोळी फक्त यांची. घरात दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.”

सरूबाईनं मान डोलावली. डॉक्टरांपुढं मान डोलवायला काही लागत नाही.

घरी येऊन तिनं गोळी विळीवर ठेवून दोन भाग केले. एक कडूबाच्या हातावर ठेवला. दुसऱ्याकडं ती बघत राहिली. आंघोळीचं पाणी भांड्याला, भांड्याचं झाडाला आणि झाडाखालचं शेळीला, असं ज्या घरात चालायचं, तिथं ही अर्धी गोळी फेकायची कशी? त्यातून तिचे गुडघे धरलेले. आणि गुडघे का धरले, याचं तिचं स्वतःचं शास्त्र होतं. आडातलं पाणी आटलं की खाली चिखल उरतो. दोन वर्षं माणसाला पोटभर पाणी नाही, मग रक्ताचा चिखल होणार नाही का? कडूबाचं रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरनं दिली, म्हणजे रोगाचं मूळ त्यालाही कळलेलं दिसतंय.

“अर्धी त्यांची, अर्धी माझी,” ती मनाशी म्हणाली. “लग्नात भटजी अर्धांगिनी म्हनला व्हता, ते काय उगंच?”

गुण आला. आता तो या गोळीनं आला की मेडिकलवाल्याकडून ती गुपचूप आणायची त्या गुडघ्याच्या गोळीनं आला, हे शोधायच्या भानगडीत ती पडली नाही. होळीपासून तिनं अर्धीची एक केली. पाकीट महिन्याआधीच संपायला लागलं तेव्हा कडूबानं विचारलं, “सरू, गोळ्या कुठं चालल्या?”

“शेळीनं खाल्लं की पाकीट.”

“कागदासकट?”

“कागद तिला आधी आवडतो.”

कडूबा नवं पाकीट आणायला निघाला. जाताना त्यानं शेळीकडं जरा काळजीनं पाहिलं. तिचंही रक्त आता पातळ झालं असणार.

चैत्रात सरूबाईला मिसरी लावताना हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर आणि मांडीवर निळेकाळे डाग उमटले. दीपमालाच्या नजरेतून ते सुटले नाहीत.

“आत्या, हे काय लागलं?”

“शेळीनं ढुसणी दिली.”

“दोन्ही दंडांना?”

“तिला दोन शिंगं हायेत ना बाई.”

पुढं एका मंगळवारी पोट दुखायला लागलं. ती पडली नव्हती, तिनं काही जड उचललं नव्हतं, कुणाशी भांडणही नव्हतं. नुसतं सकाळी उठली आणि बेंबीच्या भोवती कुणी पिळा घालतंय असं वाटलं. तिनं ओवा खाल्ला, हिंगाचा लेप लावला. तिसऱ्या दिवशी ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि तशीच खाली बसली. तोंड उन्हात विटलेल्या पोत्यासारखं झालेलं. दीपमालानं रिक्षा बोलावली, सासूला आत घातलं, सासऱ्याला गेटवरून उचललं आणि शहरातला एक नवा, दर्शनी काचा लावलेला दवाखाना गाठला.

तिथं सोनोग्राफीच्या खोलीबाहेर एका नर्सनं सरूबाईच्या हातात पाण्याची मोठी बाटली दिली. “आजी, ही सगळी प्या. लघवी दाटून आली की सांगा.”

सरूबाईनं बाटली उलटसुलट करून पाहिली. “सगळी? येकटीनं?”

“हो. अजून लागली तर अजून देते.”

“दीपे,” सरूबाई हळूच म्हणाली, “पाणी प्यायला लोकं टँकरमागं पळतात. हिथं म्हनतात अजून देते. आपण आधीच यायला पायजे व्हतं.” पोटात कळ आली म्हणून ती पुढं बोलली नाही. घोट घोट करत पाऊण बाटली संपवली. उरलेली कडूबाच्या पिशवीत घातली.

आत डॉक्टर सत्यशीला म्हस्के बसल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी सरूबाईच्या पोटावर गार चिकट काहीतरी लावलं आणि हातातलं यंत्र फिरवायला सुरुवात केली. फिरवता फिरवता त्यांचा हात एका जागी थांबला.

“पोटात पाणी दिसतंय.”

“दिसंलच की, बाई. आत्ताच तर तुमच्या पोरीनं पाजलं.”

“ते नाही. ते आपल्या जागी आहे. हे आतड्यांच्या बाहेर आहे, मोकळं. आणि गढूळ दिसतंय.”

“मग टँकरचं असंल,” सरूबाई म्हणाली.

दीपमालाला हसू आलं, पण डॉक्टरांच्या तोंडाकडं पाहून ते तिथंच विरलं. डॉक्टरांनी यंत्र खाली ठेवलं. “मावशी, हे पाणी नसावं. मला वाटतं हे रक्त आहे. तुमच्या पोटात आतल्या आत रक्त सांडतंय.”

मग धावपळ सुरू झाली. पोट कापणारे सर्जन आले. सरूबाईच्या एका हाताला सलाईन, दुसऱ्याला रक्तदाबाचा पट्टा. रक्तदाब घसरत होता. सर्जननी वाकून विचारलं, “आजी, कुठं पडलात का?”

“नाय.”

“कुणी मारलं का? घाबरू नका, खरं सांगा.”

सर्जन, नर्स, सफाईवाली, सगळ्यांनी एकदम कडूबाकडं पाहिलं. उंची पाच फूट, हातात पाव बाटली पाण्याची पिशवी. बिचाऱ्याला दरदरून घाम फुटला. सरूबाईला वेदना होत होत्या, पण चाळीस वर्षांत नवरा एवढा खतरनाक कधी दिसला नव्हता. तिनं एक दम उगाच घेतला, मग दुसरा घेतला.

“अगं, सांग ना!” कडूबा रडकुंडीला आला.

“नाय, साहेब,” ती शेवटी म्हणाली. “ह्यांनी मेंढराला बी कधी जोरात काठी मारली नाय.”

“मग आपोआप कसं होईल? गोळ्या कुठल्या चालू आहेत?”

हा प्रश्न सरूबाईला नीट कळला. चालू म्हणजे डॉक्टरनं ज्याच्या नावावर लिहून दिल्या त्या. तिच्या नावावर एकही कागद नव्हता. “मला?” ती म्हणाली, “मला कुठलीच चालू नाय.”

“साहेब, गोळी मला चालू हाय,” कडूबा पुढं सरसावून म्हणाला. “रक्ताची. रोज अर्धी.”

“बाबा, तुमचं नंतर बघू,” सर्जन म्हणाले. आणि कडूबा मागं सरकला. सरूबाईनं डोळे मिटून घेतले. आता उघडून सांगावं, असं एकदा तिच्या मनात आलं. पण गल्लीतल्या अर्ध्या बाया दुखलंखुपलं तिला विचारून औषध घेत. नवऱ्याच्या गोळ्या चोरून खाल्ल्या आणि पोट फोडून घेतलं, हे बाहेर गेलं तर हपश्यावर तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

सर्जन दीपमालाला बाजूला घेऊन सांगत होते ते सरूबाईला ऐकू येत होतं. रक्त गोठतं का ते बघायला नमुना बाहेरच्या लॅबला गेलाय, निकाल यायला दीड तास लागेल. तेवढा वेळ आपल्याकडं आहे की नाही, सांगता येत नाही. आता लगेच सीटी स्कॅन करू. रक्त कुठून येतंय ते दिसलं तर ठीक, नाहीतर पोट उघडून बघावं लागेल.

पोट उघडणार! साठ वर्षं तिनं त्या पोटात काय काय ठेवलं होतं.

सीटीच्या खोलीत गारठा होता. मधोमध मोठं पांढरं कडं आणि त्यातून आत-बाहेर सरकणारा पाट. मशीन चालवणारा रामप्रसाद सिल्लोडकडचा, हसऱ्या तोंडाचा. त्यानं सरूबाईला मंगळसूत्र, जोडवी, साडीच्या पिना सगळं काढून दीपमालाकडं द्यायला लावलं.

“मावशी, अजून अंगावर काही धातूचं?”

“काय नाय, बापू.”

“बघा हां. यात सगळं दिसतं. लपवून उपयोग नाही.”

सरूबाईनं थोडा विचार केला आणि कमरेच्या ओच्यातून मिसरीची पत्र्याची डबी काढून त्याच्या हातावर ठेवली. मग त्याची बाही धरली. “सगळं दिसतं?”

“सगळं.”

“आधी खाल्लेलं बी?”

“मावशी, पोटात जे जे आहे ते समदं दिसणार. झोपा आता.” रामप्रसादला आपण थट्टा करतोय एवढंच ठाऊक होतं. तो काचेपलीकडच्या खोलीत गेला. तिथं डॉक्टर सत्यशीला पडद्यापुढं बसल्या होत्या आणि दाराशी कडूबा आणि दीपमाला उभे होते.

पाट सरकला. कड्यातून एका बाईचा आवाज आला, “सांस अंदर लीजिए, रोकिए.” सरूबाईनं श्वास रोखला. आत कुणी बाई बसलीय आणि ती हिंदी बोलते, म्हणजे सरकारी असणार. कडं घूं घूं करत फिरलं. “सांस छोड़िए.” पाट बाहेर आला.

समोरच्या भोंग्यातून रामप्रसादचा आवाज आला. “मावशी, साधे फोटो झाले. आता सुईतून एक औषध सोडतो. अंग गरम होईल, घाबरू नका. मग परत फोटो. आता बारीकसारीक सगळं दिसेल.”

बारीकसारीक! सरूबाईचा धीर सुटला.

“थांब रे बापू! म्या सांगते. तू नको काढू.”

“काय सांगता?”

“दीपीची निळी साडी उंदरानं नाय कुरतडली. म्या इस्त्री ठेवून इसरले व्हते. उंदराच्या नावानं भोकं पाडली.”

काचेपलीकडं दीपमालाचं तोंड उघडं पडलं. माहेरची साडी होती ती. बिचारीनं सहा महिने उंदराचे पिंजरे लावले होते.

“दहा वर्सांमागं ह्यांच्या बहिणीला म्हनले मेंढी लांडग्यानं नेली. लांडग्यानं नाय नेली, आमीच खाल्ली. माझ्या माहेरची माणसं आली व्हती.”

“आयला,” कडूबा पुटपुटला, “मला बी लांडगाच सांगितला व्हता.”

रामप्रसादला हसू आवरेना. बटण दाबून तो म्हणाला, “मावशी, अजून आहे का काही?”

भोंग्यातून बारीक आवाज आला. “गोळ्याचं पाकीट. शेळीनं नाय खाल्लं. म्या खाल्लं.”

डॉक्टर सत्यशीलांचा हात पडद्यावरून उठला. त्यांनी रामप्रसादला जवळजवळ ढकललंच आणि बटण स्वतः दाबलं. “सरूबाई, कुठली गोळी?”

“ह्यांचीच. रक्त पातळ करायची.”

“किती?”

“आधी अर्धी. होळीपून येक. अन गुडघ्याची येगळी.”

“रोज?”

“एकादशी सोडून.”

डॉक्टर कडूबाकडं वळल्या. त्यानं खिशातलं पाकीट काढलं. त्यांनी नाव वाचलं, आणि फोन उचलून सर्जनना एवढंच सांगितलं, “ऑपरेशनचं टेबल थांबवा. मी दहा मिनिटांत चित्र दाखवते.”

सुईतलं औषध सुटलं. सरूबाईचं अंग पायापर्यंत ऊनऊन झालं. तिला वाटलं, खरं बोललं की असंच होत असणार. सवय नसल्यामुळं कधी कळलं नव्हतं.

फोटो आले. सर्जन धावत आले तेव्हा डॉक्टर सत्यशीला पेनाच्या टोकानं पडद्यावर दाखवत होत्या. कडूबाही मागून टाचा उंचावून बघत होता. “हे बघा, आतड्याचा हा एवढा भाग. भिंत केवढी सुजलीय. भिंतीच्या आतच रक्त साकळलंय आणि तिथून बाहेर झिरपलंय. हे जे भोवती पसरलंय ते पाणी असतं तर काळपट दिसलं असतं, हे उजळ आहे. म्हणजे रक्त. पण आतडं कुठं फाटलेलं नाही, शीर फुटून जोरात वाहत नाही, आतड्याला रक्त पोचतंय. आणि कारण आता आपल्याला तोंडी मिळालंय.”

सर्जननी लांब श्वास सोडला. “अशा रक्तावर मी चाकू लावला असता तर टाके घालीन तिथून नवं रक्त आलं असतं.”

“चित्रात रक्त दिसतं,” डॉक्टर म्हणाल्या, “गोळी दिसत नाही.”

पोट उघडलं नाही. गोळीचा उतारा म्हणून इंजेक्शन दिलं, रक्तातल्या पिवळ्या पाण्याच्या पिशव्या चढवल्या. लॅबचा निकाल आला, त्यात रक्त गोठण्याचा, एकाच्या आसपास असायचा आकडा नवाच्या वर गेला होता. रात्रीपर्यंत रक्तदाब सावरला. सकाळी सरूबाईनं चहा मागितला आणि मिळाला नाही म्हणून नर्सला चार शब्द ऐकवले, तेव्हा कडूबा दोन दिवसांत पहिल्यांदा बसला.

दुपारी रामप्रसाद वॉर्डात डोकावला. तिनं त्याला खुणेनं जवळ बोलावलं. “बापू, गोळी दिसली का रे फोटूत?”

“कशी दिसेल, मावशी? ती कधीच विरघळली.”

“अन मेंढी?”

“मेंढी तर दहा वर्षांपूर्वीची ना?”

“मग तू म्हनला सगळं दिसतं!”

“मी मिसरीच्या डबीचं बोलत होतो.”

एवढ्या वर्षांची जपलेली पुंजी सरूबाईनं फुकापासरी उधळली होती. तीही भोंग्यावर. दीपमाला शेजारी बसून मोसंबी सोलत होती. सासूकडं न बघता ती म्हणाली, “आत्या, निळी साडी तशीच मिळते अजून. मी दुकान बघून ठेवलंय.”

“घेऊ,” सरूबाई पडक्या आवाजात म्हणाली.

पण मशीनच्या पाटावर तिनं सगळंच सांगितलं होतं असं नव्हे. एक गोष्ट तिनं मुद्दाम मागं ठेवली होती. मशीन आपल्या पोटातलं बघतं, दुसरीच्या पोटातलं त्याला कसं दिसणार, एवढा हिशोब तिनं तशा वेदनांतही केला होता. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या सुकेशनीची कंबर धरली होती. जेमतेम तिशीची पोर, शिलाई मशीनवर बसून बसून आखडलेली. तिला सरूबाईनं त्याच पाकिटातल्या आठ गोळ्या कागदात बांधून दिल्या होत्या. रोज एक घे म्हणून सांगितलं होतं. वर घरात कुणाला सांगू नको, असंही.

तिसऱ्या दिवशी सुकेशनी भेटायला आली. हातात मुगाच्या खिचडीचा डबा. डबा पुढं करताना बाही मागं सरली आणि मनगटाच्या वर सरूबाईला एक निळा डाग दिसला. पावलीच्या नाण्याएवढा.

“हे काय गं?”

“कुठं काय? कपाटाचं दार लागलं असंल.”

“गोळ्या किती राहिल्या?”

सुकेशनीनं दीपमालाकडं चोरून पाहिलं आणि पदर सारखा केला. “कुठल्या गोळ्या, मावशी? मला नाय कुठली गोळी चालू.”

सरूबाईला ते शब्द ओळखीचे वाटले. आवाजही तोच, तोंडावरचा तो साळसूदपणाही तोच. इतका बरा जमलेला खोटेपणा पाहून दुसऱ्या कुठल्या दिवशी तिनं कौतुक केलं असतं. आज मात्र तिनं ते मनगट धरलं. हिच्या सासूला कळलं तर ती दवाखान्यात येऊन नाचेल. गल्ली वाळीत टाकेल. यापुढं खोकल्याचा काढा विचारायलासुद्धा कुणी दारात येणार नाही.

“दीपे, ते लोखंडी स्टँड इकडं ढकल.”

“आत्या, उठू नका, डॉक्टरांनी...”

सरूबाई उठली होती. एका हातानं सलाईनचं स्टँड, दुसऱ्या हातात सुकेशनीचं मनगट. वाटेत दोनदा भिंतीला टेकली, पण मनगट सोडलं नाही. “मावशी, लोकं बघतात!” सुकेशनी कुजबुजत होती. “बघू दे,” सरूबाई म्हणाली, “बघायचाच दवाखाना हाय ह्यो.”

डॉक्टर सत्यशीलांच्या दारात रामप्रसाद उभा होता. तिला बघून त्यानं हात जोडले. “मावशी, आता अजून काय सांगायचं राहिलं?”

डॉक्टरांनी चष्म्याच्या वरून पाहिलं. सरूबाईनं सुकेशनीला पुढं केलं, दम खाल्ला आणि कुणी काही विचारायच्या आत बोलून टाकलं.

“बाई, हिला म्या आठ गोळ्या दिल्या व्हत्या. ही नाय म्हनंल. तिचं ऐकू नका, रक्त काढा.”